बांधण्यात आले

११ जानेवारी

मनगट! दोन्ही मनगटं. पट्टा सोडवला तेव्हा थोडी कातडी पट्ट्यालाच चिकटून आली. बावीस वर्षं नर्स आहे मी, जखम बघून मान फिरवत नाही मी. आज फिरवली.

वॉर्डातल्या भूगोलबाई हात डोळ्यांसमोर धरून नुसत्या बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचे हात असल्यासारखे.

मलम लावलं, ड्रेसिंग केलं. मग टेबलाशी बसून रजिस्टर उघडलं आणि नेहमीसारखं लिहिलं – "रुग्ण शांत. प्रकृती स्थिर." माझंच अक्षर. गोल, सुबक. शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर!

ही वही मुलीची जुनी, मागची पानं कोरी होती. हिच्यात लिहितेय, कारण रजिस्टरात ह्याला रकाना नाही.

१२ जानेवारी

"सिस्टर, आज तारीख काय?"

सांगितली. बाई बोटांवर मोजत बसल्या. मला एकदम खिडक्या लावायचं सुचलं. सगळ्या खिडक्या लागलेल्याच होत्या.

१४ जानेवारी

नीट लिहून काढते. नाहीतर डोक्यात नुसता गुंता होतोय.

आमचा स्त्री-कक्ष क्रमांक दोन. छत्तीस खाटा, एक्केचाळीस बायका. मनोरुग्णालय म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं आरडाओरडा चालत असणार. तसं काही नसतं. बराच वेळ फक्त चपला घासत चालल्याचा आवाज.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. म्हणून सगळा वॉर्ड त्यांना भूगोलबाई म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी भाऊ आणून सोडून गेला. तेव्हा खरंच आजारी होत्या – भिंतीतून कुणीतरी बोलतंय म्हणायच्या, जेवायच्या नाहीत. दोन-तीन वर्षांत बऱ्या झाल्या. गोळी वेळेवर घेतात, बाकीच्यांच्या वेण्या घालतात, औषधाच्या ट्रेमध्ये माझी चूक झाली तर तीही दाखवतात. एकदा खरंच झाली होती.

डिसेंबरच्या शेवटी फायलींची कपाटं हलवली. मदतीला भूगोलबाई होत्या. त्यांना स्वतःची फाईल सापडली. आत डॉक्टरांच्या सहीचा कागद – "घरी पाठवण्यास योग्य." तारीख सहा वर्षांपूर्वीची. खाली कुणीतरी शेरा मारलेला – "नातेवाईक प्रतिसाद देत नाहीत." संपलं. कागद फायलीत, फाईल कपाटात, बाई वॉर्डात.

तेव्हापासून रोज विचारणं सुरू. "मी बरी आहे असं लिहिलंय. मग मी इथे का?" मला विचारलं. इन्चार्जला विचारलं. राउंडवर डॉक्टरांना विचारलं. आणि वर्षअखेरीस अधीक्षकसाहेब पाहुण्यांना घेऊन वॉर्ड दाखवत होते, तेव्हा चार लोकांसमोर साहेबांना विचारलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दोन तारखेला बाईंनी जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. अकरा वर्षांत एक ताट! त्याच दुपारी त्यांना शांत खोलीत हलवण्यात आलं. पट्टे लावण्यात आले.

शांत खोली म्हणजे वॉर्डाच्या टोकाची. लोखंडी खाट, वर एवढीशी जाळी, कडी बाहेरून. पट्टे लावायला डॉक्टरांची लेखी सूचना लागते, थोड्या वेळापुरती. दर तासाला जाऊन बघायचं असतं. इथे सूचना नव्हती. नऊ दिवस गेले. जेवताना एक हात मोकळा, बाकी वेळ दोन्ही बांधलेले.

१५ जानेवारी

इन्चार्जशी बोलले. पंधरा वर्षांची मैत्रीण आहे माझी, तिच्या बाळंतपणात मी होते. म्हणाली, "वरून निरोप आला होता, 'जरा वठणीवर येऊ दे.' मी काय करू? एक्केचाळीस बायका, दिवसपाळीला आपण दोघी आणि दोन मावश्या. तू सांग काय करू."

खरं बोलत होती ती.

१८ जानेवारी

घरी सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं.

ह्यांनी भांडी घासता घासता ऐकलं. छापखाना बंद पडल्यापासून स्वयंपाकघर ह्यांचं आहे आणि माझ्यापेक्षा चकचकीत ठेवलंय, हे मान्य करायला हवं. बराच वेळ एकच पातेलं घासत राहिले. मग म्हणाले, "अगं, डोक्यावरचं छप्पर रुग्णालयाचं आहे. एवढं लक्षात ठेव."

लक्षात कसं नसेल? ह्या दोन खोल्या नोकरीबरोबर आल्या, नोकरीबरोबर जातील.

लेक फोन घेऊन आली. "आई, मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. कुणीही करू शकतं! ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच करायला हवी असं काही नाही. साधा कागद चालतो. फी नाही, वकील नाही."

"मोठी आली वकील!"

"मी नाही म्हणत, त्यांच्याच पानावर लिहिलंय. हे बघ, सरकारी माणसाने हक्क मोडला किंवा मोडू दिला तर… रुग्णालयसुद्धा आलं त्यात."

हे म्हणाले, "मग निनावी टाक."

"निनावी घेत नाहीत, बाबा. नाव-पत्ता लागतो."

पातेलं पुन्हा घासायला घेतलं ह्यांनी.

२१ जानेवारी

सुट्टी होती. वाचनालयामागच्या खोलीत एक काका लोकांना अर्ज लिहायला मदत करतात असं ऐकलं होतं. कोर्टात लेखनिक होते, निवृत्त झाले. सगळे त्यांना अर्जवाले म्हणतात. डाव्या कानाने ठार बहिरे, उजव्यानेही जेमतेम.

मी हळूच सुरुवात केली. "एका रुग्णाला…"

"मोठ्याने!"

"रुग्णाला बांधून ठेवलं होतं!"

शेजारच्या टेबलावर पेपर वाचणारे तिघे वळून बघायला लागले. कानकोंडी झाले अगदी. वॉर्डातलं जे बावीस वर्षांत घराबाहेर बोलले नाही ते अख्ख्या वाचनालयाला ओरडून सांगत होते.

काका मात्र शांत. प्रश्नावर प्रश्न. "कोर्टात चालू आहे का हे प्रकरण? नाही. बरं. वर्ष उलटून गेलं का? नाही. छान, वर्षापेक्षा जुनं सहसा हातात घेत नाहीत. तुमच्या पगाराचं, बदलीचं गाऱ्हाणं आहे का? नाही ना? ते घेऊन गेलात तर तिथूनच परत."

मग बोटांवर मोजत सांगितलं. मी एका कागदावर उतरवून घेतलं, तसंच इथे लिहिते – "कोणावर झालं, कुठे, कोणत्या तारखेला. कोणी केलं, कोणी करू दिलं. कोणी पाहिलं. कागद असतील त्यांच्या प्रती, मूळ कागद द्यायचे नाहीत. आणि तुम्हाला काय हवंय! लोक पानंच्या पानं रडतात आणि शेवटी मागत काहीच नाहीत."

"खूप राग येतो, काका."

"तो घरी ठेवा. आयोगाला राग वाचता येत नाही. तारीख वाचता येते."

निघताना म्हणाले, "त्या बाईंना विचारलंत?"

नाही विचारलं. सुचलंच नव्हतं! सगळा वॉर्ड जे करतो तेच मी करत होते. बाईंबद्दल ठरवायचं, बाईंना वगळून.

२३ जानेवारी

ड्रेसिंग बदलताना विचारलं. आवाज खाली ठेवून, कुणी नाही बघून.

"तुमच्या वतीने तक्रार करावी म्हणते. आयोगाकडे. चालेल?"

बाई जखमेकडे बघत होत्या. "काय लिहिणार?"

"नऊ दिवस शांत खोलीत…"

"दहा. पहिला दिवस तुम्ही धरत नाही. दोन तारखेच्या दुपारपासून अकरा तारखेच्या सकाळपर्यंत. रात्री नऊ, पण तारखा दहा. मी जेवणाच्या गाडीवरून मोजल्यात."

अगदी बरोबर. मी रजिस्टर बघून चुकले, त्या पडल्या पडल्या चुकल्या नाहीत.

"लिहा," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुमची नोकरी?"

मी म्हटलं, बघू. हसल्या किंचित. बावीस वर्षांत मला कुणी वॉर्डात नोकरीचं विचारलं नव्हतं.

२५ जानेवारी

कच्चा मसुदा घेऊन काकांकडे. चार वेळा लिहून काढला होता. मनातून वाटत होतं, शाबासकी मिळणार.

काकांनी चष्मा चढवला, बोट ठेवून ओळन् ओळ वाचली. एका ठिकाणी थांबले.

"'रुग्णास पट्ट्यांनी बांधण्यात आले.' कोणी?"

"म्हणजे… कर्मचाऱ्यांनी."

"मोठ्याने."

"कर्मचाऱ्यांनी!"

"'खोलीला कडी लावण्यात आली.' कोणी? 'नोंद करण्यात आली नाही.' कोणी केली नाही?" कागद माझ्याकडे सरकवला. "बाई, चाळीस वर्षं मी कोर्टात असलीच वाक्यं लिहिली. 'मारहाण करण्यात आली.' 'दुर्लक्ष झाले.' सगळं आपोआप होतं, माणूस कुठेच नसतो. आयोगाने नोटीस कुणाला काढायची? पट्ट्याला?"

मी कागद उलटा करून ठेवला.

"पट्टा लावताना हात कुणाचे होते?"

त्यांनी पुन्हा "मोठ्याने" म्हणायच्या आत मी उठले. छत्री घेतली, कागद घेतला, बाहेर आले. छत्रीची गरजच नव्हती, ऊन होतं.

२६ जानेवारी

माझे होते.

२७ जानेवारी

काल एवढंच लिहून वही मिटली. आज पुढचं.

चौदा तारखेचं पान काढून बघितलं. इथेही तेच! "हलवण्यात आलं." "लावण्यात आले." ही वही कुणी वाचत नाही, उशाखाली असते, आणि इथेसुद्धा मी रजिस्टरचीच भाषा लिहिली.

दोन जानेवारी, दुपारी अडीच. इन्चार्ज म्हणाली, शांत खोलीत घ्या. उंच मावशीने खांदे धरले. उजव्या मनगटाचा पट्टा मी लावला. डाव्या मनगटाचाही मीच, कारण मावशीला बक्कल जमत नाही. बाई म्हणत होत्या, "सिस्टर, मी शांत आहे, बघा, मी शांत आहे." खरंच होत्या. मी म्हटलं, "थोडाच वेळ हं, बाई." दहा दिवसांत माझ्या सहा दिवसपाळ्या. रोज जेवणाला एक हात सोडला आणि जेवण झाल्यावर पुन्हा बांधला. रोज लिहिलं, रुग्ण शांत.

मी वाईट आहे असं मला वाटत नाही. हेच तर अवघड जातंय.

१ फेब्रुवारी

ह्यांना हेही सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, "तुझा काय दोष, हुकुमाची ताबेदार तू." ह्याचीच वाट बघत होते मी. आधी वेगळंच म्हणाले. "तू बांधलंस?" एवढंच. मग उठून चहाचं आधण ठेवलं.

नंतर माझ्या पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाले, "लिही मग. अर्धवट लिहू नकोस पण. छप्पर बघू आपण."

३ फेब्रुवारी

लिहिलं. "दि. २ जानेवारी रोजी दुपारी अडीच वाजता मी, खाली सही करणारी परिचारिका, हिने रुग्णाचे दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधले. डॉक्टरांची लेखी सूचना नव्हती. ती मी मागितली नाही." मग इन्चार्जचं नाव, तिने काय सांगितलं ते. मावशीचं नाव. साहेबांचं नाव, पण त्यांचा निरोप मी स्वतः ऐकला नाही, इन्चार्जकडून ऐकला, हेही लिहिलं. काकांनी बजावलं होतं – ऐकलेलं ऐकलेलं म्हणून लिहायचं, पाहिलेलं पाहिलेलं म्हणून.

शेवटी मागणं. बाईंना सोडावं. "घरी पाठवण्यास योग्य" असे आणखी किती कागद कपाटात पडलेत ते मोजावं. शांत खोलीची कडी काढावी.

सोबत रजिस्टरच्या सहा पानांच्या प्रती.

काकांना दाखवायला गेले. वाचलं. मान हलवली. "सही करा. तारीख घाला. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा." शाबासकी नाहीच! पण दारापर्यंत सोडायला आले, आणि ते कुणासाठी उठत नाहीत असं पेपर वाचणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं.

टपाल खिडकीवरच्या मुलीने पाकीट वजनाला ठेवलं, शिक्का मारला, मागे टोपलीत फेकलं. झालं! सगळं सांगून टाकलं, काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही, ह्याने जे हलकं वाटतं तसं वाटत होतं.

५ फेब्रुवारी

परत मागवता येतं का टपाल? येत नाही. विचारून आले.

१९ फेब्रुवारी

आयोगाचं पत्र. तक्रार नोंदली, क्रमांक दिला, रुग्णालयाकडून चार आठवड्यांत अहवाल मागवलाय. लेकीने क्रमांक फोनमध्ये साठवला. रोज उघडून बघते, सामन्याचा स्कोअर बघितल्यासारखी.

मी वॉर्डात तोंड शिवून बसलेय. अजून कुणाला पत्ता नाही. इन्चार्जने आज डब्यातलं अर्धं मला दिलं. ते तसंच घरी आणलं.

६ मार्च

पत्ता लागला.

साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझ्या तक्रारीची प्रत. वाटलं होतं ओरडतील. नाही. अगदी गोड आवाजात – "सिस्टर, तुम्हाला काही त्रास होता तर माझ्याकडे यायचं. घरातली गोष्ट घरात." मग, "ह्यात तुम्ही स्वतःलाच अडकवलंय, हे कळतंय ना? पहिली कारवाई तुमच्यावरच होईल. मागे घ्या. गैरसमज झाला म्हणून दोन ओळी लिहा, मी बघतो पुढचं."

"गैरसमज नाही झाला, साहेब."

किती मोठ्याने बोलले मी! काकांची सवय लागली. बाहेरच्या शिपायालासुद्धा ऐकू गेलं असणार.

उद्यापासून वॉर्ड नाही. कपड्यांचं भांडार. चादरी मोजायच्या.

इन्चार्ज जिन्यात भेटली. डोळे लाल. "मला आधी सांगितलं असतंस तर? एकदा? पंधरा वर्षं!" आधी सांगितलं असतं तर तिने थांबवलं असतं आणि मी थांबले असते. हे तिला म्हणायचं धाडस झालं नाही.

१३ मार्च

उंच मावशी भांडारात चादरी घ्यायला आली. मोजून दिल्या. जाताना म्हणाली, "तुमचं शिक्षण झालंय, सिस्टर. तुम्ही लिहू शकता, तुम्हाला खरं बोलणं परवडतं. माझं नाव घालायच्या आधी मला विचारलं असतंत तर मीही सांगितलं असतं काहीतरी."

दुसऱ्यांदा तेच. विचारायचं राहून गेलं. बाईंना विचारायचं काकांनी सुचवलं म्हणून विचारलं, मावशीला विचारायचं कुणी सुचवलं नाही.

म्हटलं, "आता सांगशील?"

"बघू," म्हणाली. चादरींचा गठ्ठा डोक्यावर घेऊन गेली.

२ एप्रिल

चौकशीला दोघं आले. एक पिकल्या केसांचे अधिकारी आणि दुसऱ्या गावच्या एक डॉक्टरीणबाई. कळवून आले नाहीत, त्यामुळे पडदे बदलायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. सरळ वॉर्डात. शांत खोली उघडायला लावली. डॉक्टरीणबाई त्या खाटेवर आडव्या झाल्या! चक्क पाठ टेकून, वर जाळीकडे बघत.

मग मला बोलावलं. रजिस्टर समोर.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"'रुग्ण शांत.' त्या वेळी रुग्ण बांधलेला होता?"

"हो."

"मग हे खोटं आहे?"

"शांत होत्या त्या," मी म्हटलं. "पण हो. खोटं आहे."

अधिकाऱ्यांनी माझी तक्रार काढली. "'मी बांधले.' हे कुणी लिहायला लावलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"असं सहसा कुणी लिहीत नाही," ते म्हणाले.

इथे कबूल करते, बरं वाटलं ऐकून. फार बरं वाटलं.

उंच मावशीने जबाब दिला. अर्धा तास. मग भूगोलबाईंना आत नेलं, दार लावलं. दीड तास. बाहेर बाकावर मी, इन्चार्ज, मावशी, कुणी कुणाकडे न बघता. दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "पाणी घ्या थोडं, मग सही करा." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी हसले. त्यांनी मान हलवली – ओळख दिल्यासारखी.

१८ एप्रिल

अंतरिम आदेश! लेकीने मोठ्याने वाचला, हे स्टुलावर बसून ऐकत होते. शांत खोली बंद. पट्टे जमा. कपाटातल्या सगळ्या फायली तपासायच्या – आमच्या एकट्या वॉर्डात चौकशीतच असे नऊ कागद निघाले. नऊ बायका! साहेबांची बदली. इन्चार्ज, मावशी आणि माझ्यावर खात्याची चौकशी, पण घर सोडायला सांगितलेलं नाही.

हे उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. पंचवीस वर्षांत कधी ठेवला नव्हता. "सुटलीस," म्हणाले.

२४ एप्रिल

भूगोलबाई गेल्या. भाऊ आलाच नाही. पण शहरातच एक निवास आहे, पाच बायका मिळून राहतात, देखरेखीला एक ताई. एक पिशवी होती सामानाची. वॉर्डातल्या निम्म्या बायका फाटकापर्यंत आल्या, प्रत्येकीची वेणी बाईंनीच घातलेली.

मी भांडारातून धावत गेले. "काही लागलं तर कळवा, बाई."

"कळवेन," म्हणाल्या. मनगटांवर गुलाबी वळ अजून. गाडीत बसल्यावर काच खाली केली आणि पुढच्या रस्त्याकडे बघायला लागल्या. मागे बघितलं नाही. कशाला बघतील!

आज आरशात बघून केस विंचरले. किती दिवसांनी. एका माणसाचं तरी भलं झालं माझ्या हातून. असं लिहू नये, पण लिहिते.

११ मे

आयोगाचं पाकीट. वाटलं, अंतिम निकाल. नाही. नवी तक्रार आहे, भूगोलबाईंची. स्वतः लिहिलेली, पाच पानं, स्वच्छ अक्षर, प्रत्येक ओळीला तारीख. ज्यांच्याविरुद्ध ते चौघे. चौथं नाव माझं.

तिसऱ्या पानावर – "दि. ८ जानेवारी, दुपारी चार. मी पाणी मागितले. सिस्टर घेऊन आल्या. तेवढ्यात त्यांना बाहेरून हाक आली. त्यांनी भांडे दाराजवळच्या स्टुलावर ठेवले, 'आलेच' म्हणाल्या आणि बाहेरून कडी लावली. त्या आल्या नाहीत. उजेड होता तोवर मला ते भांडे दिसत होते. सकाळी दिसू लागले तेव्हाही ते भरलेले होते."

तीस दिवसांत म्हणणं मांडायचं आहे.

भांडं ठेवलं होतं. घरी निघताना आठवलंही होतं, फाटकाशी. परत गेले नाही. आयोगाला लिहिलं नाही, ह्यांना सांगितलं नाही. ह्या वहीतही नाही.